खदानीचं गाव: इतिहास कुठं शोधायचा, आणि ‘गावचे सुपुत्र’ कुणाला म्हणायचं?

खदानकाठ

मंडळी, एका कामात अडकलोय. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, रेल्वे रुळाला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा गावच्या पॅनलबाजीत जाईल.

गावात सांगण्यासारखं काय, तर एक पडकी गढी, मारुतीचं देऊळ आणि खदान. म्हातारे सांगतात, मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाईन पडली तेव्हा, म्हणजे 1900 च्या आसपास, रुळाखालच्या खडीसाठी पहिल्यांदा दगड काढला. मग जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं काम निघालं, तेव्हा खदान पसरली. आता क्रशर आहे, टिप्पर आहेत, आणि घराघरात धूळ आहे.

ग्रामपंचायतीने ठरवलंय की वेशीजवळ ‘गावाचा इतिहास व गावचे सुपुत्र’ असा मोठा फलक लावायचा. मला टायपिंग येतं म्हणून काम माझ्या गळ्यात. सुपुत्रांची यादी तयारच मिळाली: माजी सभापती, एक फौजदार, पुण्यातला इंजिनिअर, कीर्तनकार महाराज, दोन गुरुजी. खदानीत काम केलेल्या एकाचंही नाव नाही. गावाची ओळख ज्या दगडावर, तो फोडणारी वडार वस्तीतली माणसं यादीत नसतील तर तो इतिहास कसला, असं माझं म्हणणं. बैठकीत बोललो तर सगळे हसले.

दोन गोष्टी सांगा. एक, अशा छोट्या गावाचा इतिहास कागदावर कुठं सापडतो? दोन, सुपुत्र कोण?

हायवा

क्रशरवाल्याचं नाव पहिलं घाला. फलकाचे पैसे तोच देणार आहे.

जुना मास्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा तरुणांनी सोडवावा.

आधी हे बघा की गाव निजामाच्या काळात कुठल्या प्रकारात होतं. दिवाणी म्हणजे थेट सरकारी, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खाजगीतलं, की कुणा जहागीरदाराचं किंवा पायगाचं, म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्याचं? 1949 मध्ये जहागिरी खालसा झाल्या. गाव जहागिरीत असेल तर गढी कुणाची होती ते तिथंच कळेल. आपल्याकडे गढी दिसली की लोक थेट शिवकाळात जातात, पण पुष्कळ गढ्या देशमुख-पाटलांच्या किंवा जहागीरदाराच्या नायबाच्या निघतात.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. जुनी सेतवार, म्हणजे सर्व्हेच्या वेळची जमिनीची नोंद मागा, आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक मागा. खासऱ्यात जमिनीवर प्रत्यक्ष कोण होतं हे लिहिलेलं असतं. आपल्या मराठवाड्यात जमिनीचं कुठलंही भांडण शेवटी खासऱ्यावर येऊन थांबतं. त्याआधीचं बरंच उर्दूत आहे, काही मोडीत. उर्दू वाचणारा म्हातारा माणूस गावात असेल तर त्याला सोबत घ्या. हैदराबादच्या अभिलेखागारातही आपल्या जिल्ह्यांचे कागद आहेत, पण तिथं जायला चिकाटी लागते.

आणि देवळाभोवती एक चक्कर मारा. शेंदूर फासलेला उभा दगड दिसला तर नीट बघा. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा असे टप्पे असतील तर वीरगळ. कोपरात वाकवलेला, बांगड्या घातलेला हात असेल तर सतीशिळा. ते निघाले तर गाव यादवकाळाइतकं जुनं असू शकतं.

थरावर थर

दगडाबद्दल मी बोलतो, शिकलोय तेच.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा एकदम आला नाही, थरावर थर बसत गेले. विहीर खोदणाऱ्याला हे पुस्तक न वाचता माहीत असतं: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्या भुसभुशीत, भोकांचा. त्यात गारगोट्या आणि पांढरे, हिरवट स्फटिक सापडतात. मधेच लाल गेरूचा पट्टा लागतो, तो दोन लाव्हांच्या मधल्या उघड्या काळातला. खडीला चालतो तो फक्त घट्ट काळा पाषाण. म्हणून खदान कुठंही होत नाही, जिथं तो थर वरच्या अंगाला आलाय तिथंच होते. तुमच्या गावाला खदान मिळाली ती या नशिबानं.

अपवाद नांदेडचा आग्नेय कोपरा. देगलूर-बिलोलीकडे लाव्हाच्या खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडलाय. तिकडच्या दगडात क्वार्ट्झ भरपूर, त्यामुळे त्याची धूळ छातीला जास्त वाईट. आपल्या काळ्या दगडात ते जवळपास नसतं. याचा अर्थ आपली धूळ औषधी आहे असा मात्र घेऊ नका.

बेल्लमपल्ली रिटर्न

काळ्या दगडाचंच का बोलूलालाव? खाण म्हटल्यावर आमच्याकडं, किनवटच्या पट्ट्यात, तेलंगणातली सिंगरेणीची कोळसा खाण आठवते.

लोक विसरतात की 1956 पर्यंत आपण आणि ती कोळशाची माणसं एकाच हैदराबाद राज्यात होतो. येल्लंदूजवळ कोळसा सापडला 1871 ला, किंग नावाच्या भूशास्त्रज्ञाला. 1886 ला हैदराबाद डेक्कन कंपनीनं हक्क घेतले, 1920 ला सिंगरेणी कोलिअरीज नावानं कंपनी झाली, 1945 ला ती निजाम सरकारच्या हातात आली. हट्टीची सोन्याची खाण रायचूर जिल्ह्यात, तीही तेव्हा आपल्याच राज्यात. आणि तुमच्या घरातली शहाबादी फरशी गुलबर्ग्याची, तोही हैदराबाद संस्थानाचाच जिल्हा.

माझा चुलत आजा दुष्काळात बेल्लमपल्लीला गेला, कोळशात उतरला. तिथंच राहिला, तिथंच लग्न, लेकरं तेलुगूत बोलतात. आमच्या गावच्या यादीत तो नाही, कारण गाव सोडलं. तिकडच्या यादीतही नसणार, कारण तो ‘मराठीवाला’. खाणीत काम करणाऱ्याचं असंच असतं बघा. ज्या गावात दगड किंवा कोळसा असतो तिथला माणूस बाहेर जातो, आणि बाहेरचा माणूस तिथं येतो.

तिफण

मग मराठवाड्यातलं सगळ्यात जुनं आणि नामवंत खाणगाव वेरूळच म्हणायला हवं की!

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, कैलास लेणं कोरलं. डोंगरातून काढलेला दगड सुमारे दोन लाख टन असावा असा अंदाज सांगतात. खदान म्हणून एवढा मोठा खड्डा, फरक एवढाच की इथं काढलेल्याला किंमत नाही, राहिलेल्याला आहे. वरून खाली कोरत आले, त्यामुळे परांची नको. दंतकथा अशी की राणीनं व्रत घेतलं, देवळाचं शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर म्हणाले वर्षं लागतील. पैठणचा कोकस म्हणाला, शिखरापासूनच सुरू करतो. राणीचं व्रत लवकर सुटलं.

आता वेरूळचे सुपुत्र विचारा. भोसल्यांचं नाव येईल, बरोबरच आहे, बाबाजी भोसले वेरूळचे पाटील होते. पण दोन लाख टन दगड फोडणाऱ्यातल्या एकाचं नाव सांगा. बडोद्यात सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात म्हटलंय की हे देऊळ पाहून करणाराच थक्क झाला, ‘मी हे कसं केलं’ म्हणून. थक्क झाला ते लिहिलं. नाव लिहिलं नाही.

पाटलाचा नातू

भावना समजतो, पण सुपुत्र म्हणजे त्या गावात जन्मलेला आणि गावाचं नाव मोठं केलेला. मजुरी केली, मजुरी मिळाली, विषय संपला. आणि वडार लोक मूळचे गावचे नाहीत. आमच्याही गावात आहेत, कालव्याच्या कामावर आले आणि राहिले. फलकावर सगळ्यांचीच नावं घालायची तर मतदार यादीच टांगा ना.

वसमतची लेक

@पाटलाचा नातू, ‘मूळचे’ हा फूटपट्टीचा प्रश्न फार लांब जातो, जपून.

नरहर कुरुंदकरांचा जन्म 1932 चा, नांदापूरचा. आडनाव कुरुंद्याचं. नाव झालं नांदेडात. तीन गावं त्यांना आपलं म्हणतात आणि तिघांचंही खरं आहे. स्वामी रामानंद तीर्थ जन्मले सिंदगीला, ते गाव आज कर्नाटकात. हिप्परग्याला मास्तर म्हणून आले, मग अंबाजोगाईला. मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं आणि आज नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं. त्यांना कुणी म्हणेल का, मूळचे आमचे नव्हते?

नामदेव नरसीचे, पण पंढरपूर सोडायला तयार नाही. ज्ञानेश्वर आपेगावचे, पण आळंदीपुढे आपेगावाला कोण विचारतं?

हायवा

भास्कराचार्य तर बीडचेच म्हणतात. पाटणादेवीवाले शिलालेख दाखवतात, विजापूरवालेही दावा लावून बसलेत. एवढं मोठं गणित करून गेलेल्या माणसाला आपला पत्ता नीट लिहिता आला नाही.

गोदाकाठची

‘सुपुत्र’ वाचून मी मुद्दाम यादी दोनदा वाचली. बाई एकही नाही.

खदानीत फोडलेली खडी घमेल्यात भरून ट्रॉलीत कोण टाकायचं? आमच्या शेजारच्या गावात बाईच्या डोक्यावरचं घमेलं आणि पाठीवरचं लेकरू, दोन्ही एकाच वेळी असायचं. आधी मजुरी ब्रासवर असायची, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि हिशोबात नवऱ्याचं नाव. तिचं काम त्याच्या ब्रासमध्ये जमा.

आणि लढ्याचं म्हणाल तर बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. रझाकारांच्या विरोधात हत्यार घेऊन उतरलेली बाई. जालन्याबाहेर किती जणांना माहीत आहे? नावातच दगड असून फलकावर जागा मिळायला किती वर्षं लागली असतील.

टाकी

मी वडार. परभणीत नोकरीला आहे. @पाटलाचा नातू, दादा, राग नाही, ऐकून घ्या.

आमच्यात गाडीवडार, मातीवडार, पाथरवट असे भेद. मातीवडारांनी तळी, कालवे, बांध केले. गाडीवडार दगड काढून गाड्यांनी पोचवायचे. पाथरवट जाती, पाटे, उखळ घडवायचे. तुमच्या घरात आजीच्या काळातलं जातं असेल तर त्याला दरवर्षी टाकी लावायला, म्हणजे छन्नीनं खाचा पाडायला येणारा माणूस आठवून बघा. घरी आम्ही वडारी बोलतो, तेलुगूच्या जवळची. शाळेत मराठी. मूळचे नाही हे खरं, आम्ही कुठलेच मूळचे नसतो, कामाच्या मागं जातो.

माझे आजोबा दगड निवडायचे ते बघा. आधी हातोडीनं हलकेच टिचकी मारायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजला तर एकसंध, बद्द वाजला तर आत चीर. मग ओंजळीनं पाणी टाकायचे. सगळीकडचं वाळतं, चिरेतलं ओलं राहतं, रेघ दिसते. त्या रेघेवर छन्नीनं एका ओळीत भोकं, भोकांत लोखंडी पाचरी, आणि मग एकेका पाचरीवर सारखा सारखा घाव, घाई नाही. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक बारीक आवाज येतो आणि एवढा मोठा दगड सरळ रेघेत उघडतो. सुरुंगाला अक्कल लागत नाही, याला लागते. हे ज्याला येतं तो कुशल कारागीर, पण कागदावर ‘अकुशल मजूर’.

लोक भाषणात म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. घाव सोसले दगडानं, देवपण मिळालं दगडाला. टाकी ज्याच्या हातात होती त्याचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

लातूरकर नाना

टाकी, सुंदर लिहिलंत. पण दगडाचं एवढं कौतुक सुरू आहे म्हणून एक कडू बोलतो.

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला थोडा वेळ कमी. अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. माणसं भूकंपानं मेली म्हणतात, मेली ती घराच्या दगडाखाली. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फुटांची भिंत, बाहेरून एक दगडाचा पापुद्रा, आतून एक, मध्ये मातीचा भराव. दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, त्यावर दरवर्षी चढवलेली माती. उन्हाळ्यात गारवा छान. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे फाकले आणि माळवद खाली.

@थरावर थर यांनी सांगितलेला घट्ट काळा पाषाण तिथंही होताच. दगड उत्तम होता, बांधणी चुकली. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली. त्या गावांच्या फलकावर सुपुत्र नंतर येतात, आधी मृतांची नावं आहेत, जात-पात न बघता, एकाखाली एक. @पाटलाचा नातू यांच्या ‘मतदार यादी टांगा’ यावरून आठवलं. काही गावांनी टांगली आहे.

पाटलाचा नातू

नाना, तो मुद्दा मनाला लागला. मी खदानीच्या यादीबद्दल बोलत होतो, ते वेगळं. तरी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. फलक छोटा असतो. पन्नास नावं घातली की कुणीच वाचत नाही.

बेल्लमपल्ली रिटर्न

तर मग सभापती काढा की, जागा होते.

थरावर थर

खदानीबद्दल लिहिताना एक गोष्ट फलकावर नको पण ग्रामसभेत घ्या. काम बंद पडलेल्या भागात पाणी साचतं, कडा उभ्या, खोली कळत नाही, आणि उन्हाळ्यात पोरं पोहायला जातात. कुंपण करून घ्या. उत्खननाचे नियम 2013 चे आहेत, परवानगीची कागदं ग्रामपंचायतीत मागून बघा, त्यात खड्ड्याचं पुढं काय करायचं हे लिहिलेलं असतं.

हायवा

कुंपण केलं तर मासे कुठं धरायचे?

खदानकाठ

सगळ्यांचे आभार. काल गुरुजींनी सांगितलं तसं देवळामागं बघितलं. धोबीघाटासारखा वापरात असलेला एक दगड उलटा केला, खालच्या बाजूला घोडा आणि माणसं कोरलेली आहेत. वीरगळच दिसतो. सरपंच खूश, आता गाव ‘यादवकालीन’ झालं.

सुपुत्रांचं अजून अडलंय. ‘सुपुत्र’ काढून ‘गाव घडवणारी माणसं’ करा म्हटलं, त्याला सगळे हो म्हणाले. वडार वस्तीचं नाव घालू, म्हणतात, ‘वडार समाजाचे मोलाचे योगदान’ अशी एक ओळ. माणसांची नावं मात्र नकोत. मी वस्तीत गेलो नावं विचारायला तर तिथली एक आजी म्हणाली, बाबा, फलकावर नको, कागदावर दे. मला नीट समजलं नाही. @टाकी, तुम्ही सांगाल का?

टाकी

सांगतो. आजीला अगदी बरोबर कळलंय.

विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात होतं याचा पुरावा लागतो. आमचे आजे-पणजे पालात राहिले. आज या धरणावर, उद्या त्या रस्त्यावर. जमीन नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही म्हणून निर्गम उतारा नाही. 1952 पर्यंत गुन्हेगार जमातींचा कायदा होता, तेव्हा सरकारी कागदात नाव येणं म्हणजे संकट, म्हणून लोक नाव सांगायचेच नाहीत. आता तेच नाव सापडत नाही म्हणून पोरांचं शिक्षण अडतं. एक ओळ ‘मोलाचे योगदान’ लिहिलेली फलकाची पाटी तहसीलदाराला दाखवता येत नाही.

तुम्ही इतिहास शोधायला अभिलेख कक्षात जाणारच आहात. तिथं गावात 1961 आधी आमची कोण माणसं होती याची नोंद सापडली तर ती वस्तीला द्या. फलकाचं मग बघू.

जुना मास्तर

हे ध्यानात ठेवून कामाला लागा, खदानकाठ. कुठं बघायचं ते नीट लिहितो.

खासऱ्यात जमीनदारच येतील असं नाही, गायरानावर झोपड्या असतील तर शेऱ्याच्या रकान्यात कधी कधी येतं, तो रकाना सोडू नका. दुसरं, कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. त्यात जात लिहिलेली असते. बाळाचं नाव नसेल तरी बापाचं असतं. तिसरं, जिल्हा परिषद शाळेचं जुनं प्रवेश रजिस्टर. खदान गावात पोरगं एक वर्ष शाळेत बसून गेलं असेल तरी नोंद राहते. आडनाव वेगळं असू शकतं. ‘वडार’ किंवा ‘वड्डर’ हेच आडनाव म्हणून लिहिलेलं असतं, किंवा नुसतं बापाचं नाव. म्हणून वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून आजा-पणजांची नावं, टोपणनावांसकट, आधी लिहून घ्या आणि मगच जा.

गोदाकाठची

आणि बायकांची माहेरची नावंही विचारा. जन्मनोंद पुष्कळदा आईच्या माहेरच्या गावात असते.

खदानकाठ

लिहून घेतलं. रविवारी वस्तीत बसतो. गुरुजी, अर्ज कसा करायचा? आमच्या तहसीलमध्ये ‘रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणून परत पाठवायची पद्धत आहे.

जुना मास्तर

नकलेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आजचा गट नंबर लिहू नका, गटवारीच्या आधीचा सर्व्हे नंबर लिहा, नाहीतर खरंच सापडणार नाही. जुना नंबर तलाठ्याकडे मिळतो. कोतवाल बुकासाठी वर्षं लिहा: 1950 ते 1961, एकेक वर्ष सुटं. सगळं एका अर्जात मागितलं की एकही देत नाहीत.

हायवा

पोच घेताना शिक्का तारखेसकट मारून घ्या. आणि दुपारी जेवणाच्या आधी जा, नंतर साहेब साईटवर असतात.